डी ड्राइव्हमधली छबू

चौतीस टक्क्यांवर पट्टी थांबली ती थांबलीच. निळ्या पडद्यावर इंग्रजीत ओळ उमटली, की अमुक एक फाईल कॉपी होत नाही, पुन्हा बघायचं असेल तर एंटर दाबा. मी दाबलं. तीच ओळ. आणखी एकदा दाबलं, या वेळी जरा जोरात.

“झालं काय वं?” मागच्या अंगणातून सासूबाईंनी विचारलं.

“चाललंय, आई!”

चाललंय कुठलं डोंबलाचं! सकाळी साडेनऊपासून ही तिसरी खेप होती. आणि आता परत फिरायची सोय नव्हती, कारण जुनी सिस्टीम मी माझ्याच हातानं उडवून बसले होते. नवी चढत नव्हती. माझ्या सासऱ्यांचा, उत्तमराव गावंड्यांचा, कॉम्प्युटर सकाळपर्यंत हळू का होईना चालत होता. मी हात लावल्यापासून तो चालतच नव्हता.

लग्नाला अडीच महिने झाले होते. मी गडहिंग्लजची, सासर दर्यापूर. महाराष्ट्राच्या एका टोकाहून उचलून दुसऱ्या टोकाला आणून ठेवलेली. प्रफुल्लची नि माझी ओळख पुण्याची, एकाच ऑफिसातली. लग्नानंतर त्यानं अमरावतीला नोकरी धरली आणि तिथं खोली मिळेपर्यंत मी सासरी राहायचं ठरलं. तो शनिवारी यायचा. बाकीचे दिवस घरात आम्ही तिघं: मामाजी, सासूबाई आणि मी. त्या एप्रिलमध्ये दर्यापूर दुपारी बारा ते चार चक्क नाहीसं व्हायचं. रस्त्यावर कुत्रं दिसायचं नाही. दारं लावलेली, कूलर घरघरतायत, वाळ्याचा ओला वास, आणि सगळं गाव अर्धवट झोपेत. मला सुरुवातीला ते चमत्कारिक वाटायचं. मग सवय झाली, आणि दुपारी डोळे उघडे ठेवूनही आपण झोपेतच वावरतोय असं वाटायला लागलं.

मामाजी म्हणजे माझे सासरे. कोर्टात तेहतीस वर्षं साक्षी टाईप करून सहा वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. निवृत्तीनंतर पहिली गोष्ट घेतली ती कॉम्प्युटर. माणसं निवृत्त झाली की देवळाला जातात, यांनी मशीन आणलं. आणि त्या मशीनवर ते एकच काम करायचे. रोज सकाळी सासूबाईंची स्वप्नं टाईप करायचे.

पहिल्या दिवशी मला वाटलं, नव्या सुनेची गंमत करतायत. पण नाही. सहाला चहा झाला की मामाजी खुर्चीवर, सासूबाई बाजूच्या स्टुलावर पदर सावरून बसायच्या. फाईलचं नाव ‘साक्ष’. सुरुवात रोज एकच, कोर्टातली: ‘समक्ष विचारलेवरून सांगते की’.

“हं. काय दिसलं?”

“छबू आलती.”

“कुठं?”

“अंगनात. भाजी निवडत बसलती.”

“कोणती भाजी?”

“आंबाडी.”

“लुगडं?”

“निळं.”

“मोघम नको. काठ कसे?”

“काठ नाई पाह्यले बाप्पा म्या!”

“बरं. काठ पाहिले नाहीत,” असं म्हणत मामाजी तेही टाईप करायचे. शेवटी सगळं वाचून दाखवायचे. सासूबाई मान हलवायच्या, मग ‘वाचून दाखविले, सांगणेप्रमाणे बरोबर आहे’ असं लिहून फाईल बंद.

रोज छबू. छबू बाजारात गेली, छबूच्या धाकट्याला गोवर आला, छबूच्या नवऱ्याची बदली झाली. मला वाटलं अकोल्याकडची कुणी भाची असेल, जिच्यावर सासूबाईंचा जीव असेल. विचारलं नाही. नव्या सुनेनं काय काय विचारायचं? एवढं मात्र मला दिसायचं, की सासूबाई कधी कधी स्टुलावर बसून गप्पच राहायच्या. “आज काई याद नाई,” म्हणायच्या. मामाजी काही बोलायचे नाहीत, फक्त बोटं कीबोर्डवर ठेवून थांबायचे. मग सुस्कारा सोडून त्या सांगायला लागायच्या. मला त्या बाईची कीव यायची. झोपेतही हिला सुट्टी नाही, उठल्याबरोबर हजेरी द्यायची!

आठवड्यापूर्वी मशीन अडकायला लागलं. अर्धी साक्ष झाली की पडदा गोठायचा.

“मी नीट करून देते, मामाजी,” मी म्हटलं. “नवी सिस्टीम टाकली की पळेल बघा. एका तासाचं काम आहे.”

“फाईलले काही होनार नाही ना?”

“छे हो! फाईल डी ड्राइव्हला आहे. मी फक्त सी कोरं करणार. डीला हातच लावायचा नाही.”

“तेवढं सांभाळ, सूनबाई. बाकी गेलं तं गेलं.”

त्यांनी हे दोनदा सांगितलं. मी दोनदा हसून मान हलवली. पुण्यात वर्षभर हेच काम केलेली मी, मला कोण शिकवणार!

त्या दिवशी मामाजी एका लग्नाला अंजनगावला गेले, संध्याकाळी परतायचे होते. म्हटलं, येईपर्यंत मशीन चकाचक करून ठेवू, म्हातारा खूश होईल. आणि खरं सांगायचं तर मला त्या घरात काहीतरी करून दाखवायचं होतं. माझ्या भाकरीला नावं ठेवून झाली होती, माझ्या बोलण्याला हसून झालं होतं. या एका गोष्टीत तरी गडहिंग्लजची पोरगी भारी, असं कुणीतरी म्हणावं, एवढीच हाव होती.

पहिली खेप बावीस टक्क्यांवर अडली. मी सीडी काढून मऊ कापडानं साफ केली. दुसरी खेप एक्केचाळीसवर. वेगळीच फाईल. मी दुसरी सीडी लावली, प्रफुल्लच्या बॅगेत सापडलेली. तिसरी खेप चौतीसवर, आणखी तिसरीच फाईल. मी केबल काढून फुंकर मारून परत बसवली. पंखा साफ केला. चौथी खेप नऊ टक्क्यांवरच अडली.

दर वेळी वेगळी फाईल अडत असेल तर दोष सीडीचा नसतो, डिस्कचा तर बहुधा नसतोच. हे आज मी झोपेतही सांगेन. त्या दिवशी मात्र डोक्यात एकच घोळत होतं, की डिस्कवरचे भाग बिघडलेत. सी आणि डी दोन्ही काढून टाकायचे, एकच मोठा भाग करायचा आणि पहिल्यापासून सुरू करायचं. म्हणजे डी जाणार. म्हणजे ‘साक्ष’ जाणार.

डिस्क काढून दुकानात न्यावी, तिथल्या मशीनवर फाईल आधी उतरवून घ्यावी, हे सुचलं नाही असं नाही. पण गावातलं एकमेव दुकान चारपर्यंत बंद, आणि एवढ्या उन्हात बाहेर पडायची माझी छाती होत नव्हती. प्रफुल्लला फोन लावावा तर तो हसला असता. मी मागच्या अंगणात गेले.

लिंबाखाली बाजेवर धोतर अंथरून सासूबाई मुगाच्या वड्या घालत होत्या. दोन्ही हात पिठात. एकेक वडी इतकी सारखी, की मोजमाप लावून घातल्यासारखी.

“आई, नुसत्या सीनं भागत नाही. सगळंच काढून टाकून नव्यानं करावं लागणार.”

“सारंच?”

“सगळंच. मामाजींची ती फाईलसुद्धा. तुमची स्वप्नं. काय करू?”

त्यांनी दोन वड्या घातल्या. मग मान वर न करता म्हणाल्या, “आंधी पुसजो बाप्पा. पुसल्याबिगर काई करू नको. सारं नीट पुसजो, मंग कर.”

“नक्की ना?”

“हाव ना. एकदा पुसून घेतलं का मंग कटकट नाई.”

“मामाजी रागावतील.”

“पुसल्यावर कायले रागावतीन?”

मला काय वाटलं सांगू? मला त्या क्षणी सासूबाई फार आवडल्या. म्हटलं, बघा, सहा वर्षं रोज सकाळी स्टुलावर बसून ही बाई कंटाळलीय, आणि आज सून म्हणून मला विश्वासात घेऊन सांगतेय की पुसून टाक एकदाचं, कटकट नको. बाईच्या मनातलं बाईलाच कळतं, असलं काहीतरी वाटून माझा ऊर भरून आला. मी आत गेले.

मशीननं विचारलं, हा भाग काढून टाकायचा का. मी हो म्हटलं. मशीननं पुन्हा विचारलं, यातलं सगळं जाईल, खात्री आहे का. एल दाबा. मी एल दाबलं. डी गेला. मग सगळ्या डिस्कचा एकच भाग करून तो कोरा करायला लावला, पूर्ण पद्धतीनं, हळू. काम करायचं तर नीट करावं!

पिवळी पट्टी एकेक टक्का सरकू लागली. कूलर घरघरत होता. खिडकीवरच्या वाळ्याच्या ताटीतून पाणी ठिबकत होतं. मी टेबलावर कोपर टेकून बसले आणि कधीतरी माझा डोळा लागला. स्वप्नात याच घरातून माणसं सामान बाहेर नेत होती. घाई नाही, आवाज नाही. कुणी घागर नेतंय, कुणी गादी, कुणी भिंतीवरचं घड्याळ. मी दारात उभी राहून सगळ्यांना वाट करून देत होते. शेवटी एक बाई कडेवर पोर घेऊन निघाली, उंबऱ्यावर वळली आणि “येते हं” म्हणाली. मी “या” म्हटलं. जाग आली तेव्हा गालावर मनगटाच्या बांगड्यांचे वण उठले होते आणि पट्टी शंभरावर होती.

कॉपी सुरू झाली. अठ्ठावीस टक्क्यांवर थांबली.

मी रडले. खोटं कशाला सांगू, तिथंच टेबलावर डोकं ठेवून रडले. मग नाक पुसलं, वायर काढली आणि शेवटचा उपाय म्हणून डबा उघडला. आत मेमरीच्या दोन पट्ट्या होत्या. त्या काढून पाहिल्या तर एकीचे सोनेरी दात काळे पडलेले. मामाजींच्या ड्रॉवरमधून खोडरबर घेतलं, दात घासून घासून पिवळेधमक केले, तरी ती पट्टी लावली की पडदा अडायचा. ती बाजूला ठेवून नुसती दुसरी बसवली, आणि नवी सिस्टीम लोण्यातून सुरी जावी तशी चढली. एकदाही अडली नाही. म्हणजे डिस्क चांगली होती. डी काढायची गरज नव्हती. काहीही काढायची गरज नव्हती.

तरीही मला हायसं वाटलं, कारण परवानगी घेऊन केलं होतं ना! साडेपाचला मी चेहरा धुऊन, चहा टाकून, मशीन सुरू करून ठेवलं. सासूबाई पिठाचे हात धुऊन आत आल्या.

“सुरू झालं? हुशार आहे वं पोरगी!” त्या म्हणाल्या. ज्या शब्दासाठी मी दिवसभर मरमर केली तो शब्द मिळाला. “आता हे आले का पुसून घेजो, मंग बाकीचं पाहजो.”

“आल्यावर कशाला? पुसलं की मी. तुम्ही म्हणालात तसं. सगळं पुसलं.”

“कोनाले पुसलं? थे तं अंजनगावले हायेत.”

“कुणाला म्हणजे? डिस्क पुसली. सगळं नीट पुसून मग कर म्हणालात ना तुम्ही?”

सासूबाई पदराला हात पुसत होत्या. त्या तशाच थांबल्या.

“अवं, पुसजो म्हंजे इचारजो! त्याइले इचारजो म्हनलं म्या. इचारल्याबिगर काई करू नको म्हनलं.”

आमच्याकडे पुसणं म्हणजे फडक्यानं पुसणं. पाटी पुसणं, डोळे पुसणं. इकडं विचारण्यालाही पुसणंच म्हणतात, हे अडीच महिन्यांत मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी कुणाला ते पुसलंही नव्हतं. मी तिथंच खाली बसले.

“गेलं?” सासूबाईंनी विचारलं. “सारं?”

मी मान हलवली. चहा उतू गेला तरी दोघींपैकी कुणी उठलं नाही.

मामाजी सातच्या सुमाराला आले. हातात लग्नातल्या बुंदीची पुडी. पाय धुतले आणि सरळ मशीनपुढं बसले. “वा! नवी नवरीच दिसते,” म्हणाले. मग माऊस इकडं तिकडं फिरवला.

“सूनबाई, डी कुठं आहे?”

मी सांगितलं. सगळं सांगितलं, लिंबाखालचं, वड्यांचं, पुसजोचं. बोलता बोलता मला हुंदका आला. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला, परत घातला.

“बरं,” ते म्हणाले. बुंदीची पुडी टेबलावर ठेवली आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले.

मी स्वयंपाकघरात गेले. सासूबाई पोळ्या लाटत होत्या.

“आई, छबू कोण?”

लाटणं थांबलं नाही. “आमची पोरगी. प्रफुल्लच्या आंधीची. चार वर्साची होती, तापानं गेली. पंच्याहत्तर साली.”

म्हणजे ते आंबाडी निवडणं, ते निळं लुगडं, तो धाकट्याचा गोवर, हे सगळं चौथ्या वर्षी गेलेल्या मुलीचं होतं. तिचं उरलेलं सगळं आयुष्य एका फाईलमध्ये होतं आणि ते मी एक बटण दाबून काढून टाकलं होतं.

“ह्याइले थे कधी सपनात दिसली नाई,” सासूबाई सांगत होत्या. “एकदाबी नाई. नोकरीत होते तोवर काई बोलले नाईत. रिटायर झाले अन् एका सकायी मले पुसलं, तुले दिसते का छबू? म्या म्हनलं, दिसते.”

“रोज दिसायची तुम्हाला?”

पोळी तव्यावर पडली. सासूबाईंनी दाराकडं एकदा पाहिलं आणि आवाज उतरवला.

“दोन खेपा दिसली. सारी मिळून दोन. तेबी पाठमोरी.”

“मग ते सगळं?”

“मीच सांगे. काय करू? मानूस बोटं ठेवून वाट पाहत बसे. तोंड पाहून खोटं निंगे बाप्पा तोंडातून. आंधी वाटलं आजच्यापुरतं सांगाव. मंग रोजचंच झालं. लग्न केलं तिचं. पह्यले वकील नवरा दिला होता, तं हे म्हने वकील नको, लय पाह्यले कोर्टात. मंग मास्तर केला. दोन लेकरं दिली.” त्या हसल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरले. “फयाटे उठून मी पडल्या पडल्या इचार करो, आज काय सांगाव. स्टुलावर बसलं का कधी कधी काई सुचेच ना.”

ते सुस्कारे, ते गप्प राहणं. मी त्यांना कंटाळलेली समजत होते. मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तर पिठाच्या हातानं त्यांनी मला अडवलं.

“ह्याइले सांगजो नको.”

“नाही सांगणार, आई.”

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाला. मामाजी खुर्चीकडं गेलेच नाहीत. वर्तमानपत्र घेऊन बसले आणि एकच पान उलटं-सुलटं करत राहिले. मशीन बंद होतं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी, चोरासारखी.

सासूबाई उठल्या, जाऊन स्टुलावर बसल्या आणि पदर सावरला.

“आज छबू आलती,” त्या म्हणाल्या.

वर्तमानपत्र हललं नाही.

“लायनी होती. चार वर्साची.”

मामाजींनी मान वर केली. सहा वर्षांत लहान छबू कधी आली नव्हती. पहिल्याच साक्षीत ती लग्नाच्या वयाची होती.

“तापातून उठलती,” सासूबाई म्हणाल्या. “अशक्त दिसे. म्हने, आई, भूक लागली. म्या मुगाची खिचडी देल्ली, तं सारी खाल्ली. मंग म्हने बाबा कुठं हायेत, मले शाळेत नाव टाकाचं हाये.”

मामाजी उठले. खुर्चीवर बसले. मशीन सुरू केलं. नव्या सिस्टीमवर मी कोरी फाईल उघडून दिली. त्यांनी ‘समक्ष विचारलेवरून सांगते की’ एवढं लिहिलं आणि थांबले.

“फ्राक कोणत्या रंगाचा?” त्यांनी विचारलं.

“पिवळा.”

“मोघम नको.”

“पिवळा. त्यावर पांढरी फुलं. गळ्याशी एक बटन तुटलेलं.”

मामाजींची बोटं कीबोर्डवर होती पण चालत नव्हती. त्यांच्या चष्म्याखालून पाणी ओघळून हनुवटीवर आलं, ते त्यांनी पुसलं नाही. मग टाईप करू लागले.

पुढच्या आठवड्यात प्रफुल्ल ती डिस्क अमरावतीला दाखवून आला. हाती काही लागलं नाही. मामाजींनी फारशी चौकशीही केली नाही, कारण तोवर छबू पहिलीत गेली होती. सासूबाई आता घाई करत नव्हत्या. गेल्या खेपेला लग्न लावून मोकळ्या झाल्या होत्या, या खेपेला तिला पाढे शिकवत होत्या, तिच्या उवा काढत होत्या, चौथीच्या सहलीला चिखलदऱ्याला पाठवत होत्या. आम्ही अमरावतीला बिऱ्हाड केलं. मी सुट्टीत गेले की स्टुलामागं उभी राहून ऐकायची. छबू माझ्या डोळ्यांसमोर वाढली, असं मी म्हटलं तर कुणी हसू नये.

दोन हजार बाराच्या मे महिन्यात सासूबाई गेल्या. चार दिवस अंथरुणावर होत्या, पाचव्या दिवशी दुपारी गेल्या. तेव्हा छबूची बारावीची परीक्षा झाली होती आणि निकाल लागायचा होता.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. प्रफुल्ल मंडपवाल्याकडं गेला होता. सकाळी मी चहा घेऊन गेले तर मामाजी मशीनपुढं बसलेले. फाईल उघडलेली. स्टूल रिकामं. त्यांनी कप घेतला, टेबलावर ठेवला आणि माझ्याकडं न बघता विचारलं, “वैजू, तुले काई दिसलं का?”

मला काहीही दिसलं नव्हतं. तेरा दिवस मी धड झोपलेही नव्हते. मी स्टुलावर बसले. पदर नव्हता, ओढणी सावरली.

“हो, मामाजी,” मी म्हटलं. “छबू आली होती.”

टक टक टक.

“कुठं?”

“इथंच. दारात. कॉलेजातून निकाल घेऊन आली होती. पळत आली होती... घामाघूम झालेली.”

“पास?”

“पास.”

“किती टक्के?”

मी अडखळले. मनातल्या मनात आकडे शोधले. “एक्क्याऐंशी,” मी म्हटलं.

टाईप करणं थांबलं. मामाजींनी खुर्ची वळवली आणि पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं.

“एक्क्याऐंशी जास्त होतात, सूनबाई. तुही सासू अडुसष्टावर थांबली असती. थे कधी जास्त मागत नोती.”



“तुम्हाला... माहीत होतं?”

“तेहतीस वर्सं साक्षी उतरवल्या मी. पाहून सांगनारा कुठं थांबते अन् रचून सांगनारा कुठं थांबते, येवढं कळते मले.”

“मग त्यांना कधी बोलला का नाही?”

“कायले बोलू?” मामाजी म्हणाले. “मले ऐकाचं होतं ना.”

मग त्यांनी खुर्ची परत फिरवली, चष्मा सारखा केला आणि बोटं कीबोर्डवर ठेवली.

“मंग? एक्क्याऐंशी लिहू?”

“लिहा,” मी म्हटलं.